'काबरं' विचारण्याआधी 'कसं' विचारा

खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू मोजतात तो मुठीने. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी असा स्वयंपाक होतो आणि सोमवारी वाजतगाजत, फुगड्या घालत नदीवर विसर्जन होतं. पुरणपोळीचं ताट शेजारीपाजारी जातं. रोट मात्र भाऊबंदकीबाहेर जात नाही.

गल्लीत नव्याने राहायला आलेलं कुटुंब असतं. मुसलमान असेल, बौद्ध असेल, नाहीतर बदलीवर आलेलं दुसऱ्या जिल्ह्यातलं हिंदू असेल. दोन घरं मिळून सण करताना त्यांना दिसतात आणि आपल्या दारात रोट येत नाही हेही दिसतं. मग कोणीतरी विचारतं, "आम्हाला का नाही?" अहिराणीत या 'का'ला 'काबरं' म्हणतात. त्यात थोडी धार जास्तच आहे. समोरच्या बाईला उत्तर द्यायचं असतं, पण ती सापडल्यासारखी गप्प होते, कारण तिने रोट सासूकडून घेतला, सासूने तिच्या सासूकडून. कारण कोणी सांगितलेलंच नसतं. मग घरातला एखादा तरुण तिच्या बचावाला उभा राहतो आणि फोनमध्ये वाचलेलं एखादं तयार उत्तर फेकतो. पाच मिनिटांत बोलणं रोटावरून देश, इतिहास आणि 'तुम्ही लोक' इथपर्यंत पोचतं.

हाच प्रश्न 'रोट कसा करता?' असा विचारून बघा. ती बाई सव्वा मुठीपासून सुरुवात करते. गहू कसा निवडला, दळण वेगळं कसं ठेवलं, कोणाच्या घरचे किती पुरुष मोजले, हे सगळं ती सांगते. सांगता सांगता उत्तर आपोआप बाहेर येतं: मोजून घेतलेला गहू कुळातल्या माणसांच्या नावाने आहे, म्हणून तो कुळातच खायचा. शेजारचा माणूस हिंदू असला, अगदी त्याच जातीचा असला, तरी कूळ वेगळं असेल तर त्याच्याही ताटात रोट पडत नाही. आता ऐकणाऱ्याला अपमान वाटायचं कारण उरत नाही, आणि सांगणारीलाही आपण कोणाला तोडलं असं वाटत नाही.

धर्मभेदावरच्या चर्चेतून करुणा नाहीशी होते ती बहुतेक वेळा याच जागी. माणसं मुळात दुष्ट असतात म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. 'का' हा शब्द समोरच्याकडून समर्थन मागतो, आणि धर्माचं बहुतेक आचरण समर्थनासह आलेलंच नसतं. ते आईच्या हातून आलेलं असतं. त्याचं समर्थन मागितलं की माणसाला आपल्या आईचीच उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं. 'कसं' हा शब्द वर्णन मागतो, आणि आपल्या घरच्या रीतीचं वर्णन कोणीही आनंदाने करतं.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: मग अन्यायाबद्दलही 'का' विचारायचं नाही का? चहाच्या टपरीवर एखाद्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असेल, तर तिथे 'कसं' विचारत बसायचं? माझं म्हणणं, तिथे तर आधी 'कसं'च विचारा. 'हा कप कुठे ठेवता? कोण धुतं? तुमच्या भावाला यातच चहा देता का?' रीत आणि भेदभाव यांच्यातला फरक ओळखायची साधी कसोटी आहे: हा नियम स्वतःच्या माणसाला लागतो की नाही. रोटाचा नियम जातवाल्यालाही लागतो. वेगळ्या कपाचा नियम फक्त एकाच वस्तीतल्या माणसाला लागतो. 'का'ला 'आमची परंपरा आहे' म्हणून निसटता येतं, 'कसं'ला निसटता येत नाही, कारण तपशील सांगताना सांगणाऱ्याचीच जीभ अडखळते. अशा ठिकाणी करुणा कोणाच्या बाजूने उभी राहायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याच्या हातात तो वेगळा कप आहे, त्याच्या बाजूने.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, रावेर, चोपडा या भागात तडवी भिल्ल समाज आहे. श्रद्धेने मुसलमान, जमातीने भिल्ल. केळीच्या बागेत, बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांना एक प्रश्न सतत ऐकावा लागतो: "तुम्ही नक्की कोण?" एका बाजूचे लोक विचारतात तेव्हा अर्थ असतो, 'मुसलमान आहात तर आदिवासी कसे?' दुसऱ्या बाजूचे विचारतात तेव्हा अर्थ असतो, 'आदिवासी रीती पाळता तर पक्के मुसलमान कसे?' दोघांनाही हा ज्ञानाचा प्रश्न वाटतो. ऐकणाऱ्यासाठी ती रोजची हजेरी असते, आणि तीही दोन दोन ठिकाणी द्यायची. सकाळी एकाला उत्तर द्या, संध्याकाळी दुसऱ्याला.

कायद्याचं उत्तर तर सरळ आहे, आणि चर्चेत उतरणाऱ्याला ते माहीत असायला हवं. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. आधी ती फक्त हिंदूंपुरती होती, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींसाठी अशी धर्माची अट नाही. म्हणून तडवी मुसलमान असूनही जमातीत आहेत, आणि नवापूरकडचा ख्रिस्ती आदिवासीही आहे. ही अट असावी की नसावी, यावर वाद जरूर घाला, तो राजकीय प्रश्न आहे. पण त्याचा निकाल टपरीवर बसलेल्या एका तडवी पोराकडून लावून घेऊ नका. धडगाव, अक्कलकुव्याकडे तर एकाच पाड्यावर याहामोगी मातेला मानणारं घर, माळ घातलेलं वारकरी घर आणि रविवारी प्रार्थनेला जाणारं घर भेटू शकतं. तिथे 'खरा आदिवासी कोण' हा विषय बाहेरचा माणूस काढतो, दोन तास बोलतो आणि जीपमध्ये बसून निघून जातो. त्यानंतर त्या तिन्ही घरांना एकाच हातपंपावर पाणी भरायचं असतं.

'नवबौद्ध' या शब्दाचंही तसंच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर जन्मलेल्यांच्या आता तिसऱ्या-चौथ्या पिढ्या आहेत. जो माणूस जन्मापासून बौद्ध आहे, ज्याचे वडीलही जन्मापासून बौद्ध होते, त्याला 'नव' म्हणणं म्हणजे 'तू मूळचा कोण ते आम्हाला माहीत आहे' असं सांगणं. सरकारी कागदावर तो शब्द अजून सापडतो, म्हणून बोलतानाही तो निरुपद्रवी ठरत नाही. 'बौद्ध' एवढं पुरतं. आणि ऑफिसच्या सत्यनारायणाला बौद्ध सहकारी हात जोडत नसेल, तर त्याने बावीस प्रतिज्ञांपैकी काही मनापासून घेतलेल्या आहेत एवढंच समजावं. 'प्रसाद तरी घे रे, त्यात काय एवढं' असा आग्रह चारचौघांत केला की त्याला दोनच वाटा उरतात: प्रतिज्ञा मोडायची, नाहीतर सगळ्यांसमोर उद्धट ठरायचं. प्रसाद टेबलावर ठेवून द्या. घ्यायचा तर तो घेईल.

आग्रहाचा हा दोष आपल्याकडे मोठा आहे, आणि तो प्रेमातून येतो म्हणून लवकर कळत नाही. 2018 आणि 2019 मध्ये रमजान मे महिन्यात होता. जळगाव-भुसावळकडचा मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात. अशा उन्हात रोजा धरलेल्या मजुराला 'निदान पाणी तरी पी' म्हणणाऱ्याला खरंच त्याची कणव असते. पण रोज्यात पाण्याचा थेंबही चालत नाही. खरी मदत करायची तर त्याला दुपारचं काम सावलीतलं द्या, सूर्यास्ताआधी अर्धा तास सोडा. तोच प्रकार हिवाळ्यात भरीत पार्टीला. जळगावची हिरवी वांगी शेतात काड्यांवर भाजून भरीत करायचं, सोबत कळण्याची पुरी, आणि त्यात जैन मित्र बसलेला. बरेच जैन वांगं खात नाहीत, कांदा-लसूण आणि जमिनीखालचं काही खात नाहीत. 'अरे खान्देशात राहून भरीत नाही खाल्लं?' हे वाक्य दरवर्षी दहा जण म्हणतात. प्रत्येकाला वाटतं आपण पहिल्यांदाच म्हणतोय. त्याच्यासाठी पुऱ्या आणि कांदा-लसणाविना केलेली एखादी भाजी आधीच वेगळी काढून ठेवली, तर तो विषयच निघत नाही.

आता एक वाक्य, जे कौतुक म्हणून बोललं जातं आणि सर्वांत खोल लागतं: "तू तसा नाहीस रे, पण तुझे लोक..." बोलणाऱ्याला वाटतं आपण मित्राला वेगळं काढून मान दिला. ऐकणाऱ्याला त्या क्षणी आपल्या आईबापांपासून, बहिणीपासून, गल्लीपासून तोडून एकटं बसवलेलं असतं, आणि वर आभार मानायची अपेक्षा. हे वाक्य सगळ्या बाजूंनी बोललं जातं. ते तोंडावर आलं, तर 'पण'च्या आधीच थांबावं. आणि आपल्याला कोणी म्हटलं, तर रागावण्याऐवजी शांतपणे एवढंच विचारावं, "माझ्या लोकांपैकी तू कोणाकोणाला ओळखतोस?" बहुतेक वेळा उत्तरात दोन-तीन नावं येतात, आणि त्या दोन-तीन माणसांबद्दल त्याची तक्रार नसते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हे सगळं जास्त बिघडतं, कारण तिथे चेहरा दिसत नाही आणि बघणारे दोनशे असतात. दहावीच्या बॅचचा ग्रुप असो की सोसायटीचा, प्रकार एकच. एखादा व्हिडिओ येतो. तो खोटा किंवा दुसऱ्याच ठिकाणचा असण्याची शक्यता असते, पण लगेच 'हे खोटं आहे' असं ग्रुपवर लिहिलं की टाकणारा हट्टाला पेटतो. आधी त्याला खासगीत लिहा, जमलं तर फोन करा. 'हा व्हिडिओ कुठला आहे, तुला कोणी पाठवला?' एवढंच. माणसाला माघार घ्यायची जागा लागते आणि ती दोनशे जणांसमोर मिळत नाही. तो स्वतः काढून टाकायला तयार झाला, तर विषय तिथेच संपवा, वर 'पुढच्या वेळी तपासून टाक' असा उपदेश नको. ॲडमिन असाल तर अशा रात्री संदेश पाठवायची सोय सकाळपर्यंत फक्त ॲडमिनपुरती ठेवा. कोणाला काढून टाकणं शेवटचा उपाय, कारण काढलेला माणूस दुसरा ग्रुप काढतो आणि तिथे त्याला अडवणारं कोणी नसतं. कायद्याची बाजूही सांगून ठेवावी, पण धमकीसारखी नको: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, धर्मावरून शत्रुत्व वाढवणं कलम 196 खाली आणि धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं कलम 299 खाली येतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं एका फॉरवर्डपायी गुन्ह्यात अडकतात, आणि पुढे पोलिस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो कागद समोर येतो.

जी पोस्ट ग्रुपवरच्या एखाद्या सदस्याच्या धर्माबद्दल असते, तिच्याबाबतीत आणखी एक काम आहे, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. वादात कोण जिंकलं हे सगळे बघतात. त्या धर्माचा जो एकटा सदस्य ग्रुपवर आहे, जो वाचतोय आणि काहीच बोलत नाही, त्याला त्या रात्री कोणी फोन करत नाही. तो फोन करा. लंबीचौडी सफाई द्यायची गरज नाही. 'मी वाचलं, मला बरं वाटलं नाही. घरी सगळे ठीक?' इतकं बोललं तरी पुरतं. तो ग्रुप सोडतो ते बहुधा त्या पोस्टमुळे सोडत नाही. बाकी एकशे नव्याण्णव जण गप्प राहिले म्हणून सोडतो.

माफी मागायची वेळ आली तर ती कशी मागू नये हे आधी बघा. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व." यात 'असतील तर' म्हणजे दुखावल्या की नाही याची खात्री नाही. 'कोणाच्या' म्हणजे समोरचा माणूस दिसत नाही. आणि चूक काय झाली याचा तर पत्ताच नाही. अशी माफी वाद वाढवते. चालणारी माफी अशी असते: काय बोललो ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगायचं, कोणाला लागलं त्याचं नाव घ्यायचं, ते मागे घ्यायचं, आणि 'पण' न जोडता थांबायचं. ग्रुपवर बोललात तर ग्रुपवरच मागा, पारावर बोललात तर पारावर. चारचौघांत अपमान करायचा आणि माफी मात्र खासगीत, हा सौदा समोरच्याने का मानावा? उलट बाजूनेही एक जबाबदारी आहे. माफी नीट आली तर ती घ्यायची, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या वादात तेच वाक्य उकरून काढायचं नाही.

सण एकत्र आले की संशयाला ऊत येतो. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. 2024 आणि 2025 मध्येही दोन्हींत एकेका दिवसाचं अंतर होतं. 'दरवर्षी बरोबर विसर्जनालाच कसं येतं?' असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. हे कोणी ठरवून आणत नाही, चंद्र आणतो. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपलं पंचांगही चंद्रावर चालतं. अधिक महिना नसलेल्या वर्षी गणपतीही तेवढेच दिवस अलीकडे येतात, म्हणून दोन्ही सण हातात हात घालून सरकतात. 2023 च्या अधिक श्रावणानंतर ते असे सरकत राहिले. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि दोन्हींत साधारण महिनाभराचं अंतर पडतं. हे पंचांग समोर ठेवून पाच मिनिटांत दाखवता येतं. 2023 मध्ये राज्यातल्या अनेक शहरांत मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला, हेही त्याच पाच मिनिटांत सांगावं.

भोंगा आणि डीजेच्या बाबतीत 'तुमचा' आणि 'आमचा' हे शब्द वगळून आकडे बोलावेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. आजारी म्हातारा, परीक्षेचं पोर आणि तान्हं बाळ प्रत्येक गल्लीत असतं, आणि त्याला आवाजाचा धर्म कळत नाही.

शांतता समितीची बैठक सणाच्या आठवडाभर आधी पोलिस ठाण्यात होते. चहा-बिस्किटं येतात, तीच दहा-पंधरा माणसं तेच बोलतात. उपयोग कमी होतो, कारण ओळख ठाण्याच्या खुर्चीवर झालेली असते. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात साधी माणसं होती आणि ती सणासुदीपुरती नाही, वर्षभर भेटत होती. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आपल्या तालुक्याच्या गावात हे करायचं तर महिन्यातून एक बैठक, पाळीपाळीने एकेका गल्लीत, आणि पहिले विषय गटाराचे, लाइटचे, नळाच्या पाण्याचे. धर्माचा विषय त्या बैठकीत वर्षभर निघाला नाही तरी चालेल.

मयताच्या वेळी मात्र चर्चाच नको. जाळणं बरं की पुरणं बरं, लाकूड किती लागतं, जमीन किती लागते, हे विषय स्मशानाच्या किंवा कब्रस्तानाच्या वाटेवर काढणारी माणसं आहेत आणि त्यांना ते अभ्यासू बोलणं वाटतं. मुसलमान मित्राच्या घरी मयत असेल तर जनाजाला खांदा देता येतो, चालता येतं. नमाजाच्या वेळी बाजूला शांत उभं राहावं. दफन झाल्यावर बाकीचे तीन मुठी माती देतात तेव्हा आपणही द्यावी की नाही, ते शेजारच्या माणसाला हळूच विचारावं. डोक्यावर रुमाल असावा. एवढं केलं की झालं.

शेवटी शिरखुर्म्याचं. खेड्यापाड्यांतून ईदला मुसलमान घरातून हिंदू घरी कोरडा शिधा द्यायची जुनी रीत आहे. त्यात बारीक शेवया, साखर, खारीक, चारोळी, खोबरं असतं. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या चुलीवरचं चालत नाही, त्याने आपल्या भांड्यात शिजवून खावं. जुन्या माणसांना यात समजूतदारपणा दिसतो, नव्या पोरांना शिवाशीव दिसते. दोन्ही खरं आहे, आणि कुठे काय ते मघाचीच कसोटी सांगते. ज्या घरातली आजी एकादशीला सुनेच्या हातचं साधं जेवणही घेत नाही, तिथे कोरडा शिधा हा तिच्या रीतीचा मान आहे. जो माणूस हॉटेलात बसून बिर्याणी खातो आणि शेजाऱ्याकडून मात्र कोरडाच मागतो, त्याला शेजाऱ्याने शिधा द्यावा, आणि त्याच्या स्वतःच्या घरच्यांनी त्याला एकदा तरी 'हे कसं?' असं विचारावं.

गडबड होते ती न विचारता पाठवल्याने. सगळ्यांना सरसकट कोरडं दिलं तर ज्या घरात आनंदाने शिजवलेला खाल्ला असता ते घर खट्टू होतं. सरसकट शिजवून दिलं तर एखाद्या घरी तो तसाच पडून राहतो आणि पोरं ते बघतात. म्हणून बायकाबायकांनी दारात उभ्या उभ्या विचारून घ्यावं, "शिजवून पाठवू का कोरडं देऊ, वहिनी?" पाच माणसांच्या घराला एक लिटर दूध, पाऊण वाटी शेवया, अर्धी वाटी साखर, दोन चमचे तूप आणि आठ-दहा खारका लागतात. खारका आदल्या रात्री भिजवायच्या असतात. चंद्र दिसल्यावर घरात कोणाला उसंत नसते, म्हणून हे विचारणं त्या दिवशी दुपारीच उरकून घ्यावं लागतं.